चेंबरचं पॅकिंग आणि भैरवनाथाचा कौल

"येत्या रविवारी माझ्या जीपखाली तेलाचा एक जरी थेंब सापडला, तर मिशी उतरवून देईन," असं सोमेश्वरने वरवे बुद्रुकच्या पारावर जाहीर केलं. पाराला त्याचं फारसं काही वाटलं नाही. सोमेश्वरची मिशी मुळातच बेताची होती, आणि त्याची जीप गळण्यात कधी कमी पडलेली नव्हती.

जीप सोमेश्वरपेक्षा वयाने मोठी. वडिलांनी घेतलेली, वडील गेले तरी चालू राहिलेली. नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याला माणसं पोचवायची हा तिचा धंदा. गाडीचं सगळं ठीक होतं, फक्त ती गळायची. आता तुम्हाला गाडीतलं काही कळत नसेल तर एवढंच ध्यानात ठेवा: इंजिनाच्या पोटाखाली पत्र्याची एक परात असते, इंजिनातलं सगळं तेल त्या परातीत साठतं. गॅरेजवाले तिला चेंबर म्हणतात. परात आणि इंजिन यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी दाबून बसवतात, ते पॅकिंग. पॅकिंग वाळलं की तेल त्याच्या कडेकडेने बाहेर पडतं आणि सावकाश, एकेका थेंबाने, जिथे गाडी उभी असेल तिथली जमीन काळी करतं.

हे पॅकिंग वाळून बरीच वर्षं झाली होती. कुणीही सांगितलं असतं की बदल बाबा. सांगितलंही होतं. पण सोमेश्वरला एखादी गोष्ट करायची म्हटलं की आधी ती झाल्यावर कसं वाटेल हे बघायची सवय. तो ते इतकं मन लावून बघायचा की करून झाल्याचं समाधान त्याला तिथेच मिळून जायचं. दारातला नळ त्याने असा कितीतरी वेळा दुरुस्त केला होता. नळ अजून टपकत होता.

या माणसाला साधना भेटली आणि मग तर विचारूच नका.

साधना भाटघरची. वरव्याजवळच्या एका छोट्या कंपनीत माल तपासायच्या कामावर होती. सकाळची एस.टी. कधी वरव्याच्या फाट्यावर थांबायची, कधी नाही. नाही थांबणार म्हटलं की साधना नसरापूर फाट्यालाच उतरायची आणि तिथे सोमेश्वरची जीप उभी असायची. जीपमध्ये वेल्ह्याची माणसं बसलेली. कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या पायाशी खताची गोणी. वेल्हे एका दिशेला, वरवे बरोबर उलट्या दिशेला. तरी साधना पुढच्या सीटवर बसली की जीप निमूटपणे वरव्याच्या रस्त्याला लागायची.

"आरं ए सोमेश्वर, वेल्हं तिकडं हाय न्हवं?" मागून एखादा म्हातारा विचारायचा.

"जरा वारं खाऊ म्हणलं," सोमेश्वर सांगायचा.

म्हातारा मागे टेकून बसायचा. वारं खायला कुणी पैसे मागत नव्हतं, आणि दुसरी जीप तास-दीड तासाशिवाय नव्हती.

साधना फार बोलायची नाही. पण एकदा उतरताना म्हणाली, "तुमी गाडी चालिवता का गाडी तुमाला?" त्या एका वाक्यावर सोमेश्वरने अख्खा उन्हाळा काढला.

मग रीतसर मागणी घालायला तो आणि त्याची आई धोंडाबाई भाटघरला गेले. साधनाचे वडील सावळाराम म्हणजे धरणाच्या कडेचे बागायतदार, उंचपुरे आणि नीटनेटके. घरापुढे त्यांनी नुकतीच शहाबादी फरशी घातली होती, तीही स्वतः उभं राहून. पाहुणे येणार म्हणून ती सकाळी दोनदा धुतलेली. सोमेश्वरने जीप थेट फरशीवर आणून उभी केली. चहापाणी झालं, बोलणी रंगात आली, आणि निघताना जीप मागे सरकल्यावर खाली भाकरीएवढा काळा डाग निघाला.

सावळाराम डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ज्याला गाडीतलं तेल सांभाळता येत न्हाई, त्यो माझी पोरगी काय सांभाळनार?"

बोलणं तिथेच तुटलं. सोमेश्वरचे पुढचे दिवस फार वाईट गेले. त्याला स्वप्नंसुद्धा पडेनात.

आणि मग एका बुधवारी साधना जीपमध्ये बसली आणि समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, "रविवारी बाबा घरी हायेत. म्या त्यास्नी म्हणलं, मानूस अजून एकदा बगा. बगतो म्हणलेत. पर गाडी गळाली तर सोमवारी साताऱ्याच्या पावन्यांना निरोप जातोय. मग म्या काय करू शकत न्हाई."

एवढं बोलून ती उतरून गेली. सोमेश्वर स्टिअरिंग धरून बसला. वेल्ह्याची माणसंही बसली. शेवटी कोंबडीवाल्याने त्याच्या खांद्याला हात लावून त्याला जागं केलं.

तर ही पारावरच्या गर्जनेची हकिगत.

गुरुवारी सोमेश्वर भोरला गेला. बाजारपेठेत स्पेअर पार्टचं एक दुकान आहे. दुकानदाराने जीपचं साल विचारलं, ऐकून चष्मा वर केला आणि माळ्यावरून एक पॅकिंग काढलं. तांबूस, खरबरीत, बाटलीच्या बुचाच्या जातीचं.

"कॉर्क घ्या. तुमच्या जुन्या चेंबरचा पत्रा आता सरळ राहिलेला नसणार. कॉर्क कसं, दबतं, जिथं खड्डा असेल तिथं बसतं. घरातल्या थोरल्या सुनेसारखं. रबर अजिबात घालू नका. नवीन गाडीला ठीक आहे."

सोमेश्वरने कॉर्क नाकाशी नेलं. पावसाळ्यात साल सोलल्यावर झाडाला येतो तसा वास. त्याला लगेच धरणाकाठचा रस्ता दिसला, शेजारी साधना, मागे कोरडी स्वच्छ सडक. त्याने पॅकिंग घेतलं, तेलाचा नवा डबा घेतला, आणि वाकडी वाट करून सारोळ्याला गेनबा मिस्त्रीकडे गेला, आपण किती योग्य वस्तू आणली ते दाखवायला. गेनबाचं गॅरेज नीरेच्या पुलाजवळ, हायवेला लागून. हायवेवर रोज नवी वाहनं बघून गेनबाला जुन्या कशाचीच पत्रास राहिली नव्हती.

"कॉर्क?" गेनबा म्हणाला. "आज बसवशील, वरीसभरात वाळून भुसा हुईल. रबर घाल. वाळत न्हाई, कुजत न्हाई. मानूस जाईल पर रबर राहील."

"पर दुकानदार म्हणला, पत्रा वाकडा आसंल तर..."

"त्यो दुकानदार हाय. त्याच्याकडं कॉर्कचा ढीग पडलाय म्हणून त्यो म्हणला. माज्याकडं रबर हाय."

दोघांचंही म्हणणं सोमेश्वरला शंभर टक्के पटलं. तो असाच होता, शेवटी जो बोलेल त्याचं त्याला पटायचं, फक्त आधी बोललेल्याचं पटलेलं पुसलं जायचं नाही. रबराचं पॅकिंग काळं, तुकतुकीत, हातात घेतल्यावर गारेगार लागायचं. तेही घेतलं. घरी येऊन त्याने दोन्ही पॅकिंगं खाटेवर शेजारी शेजारी मांडली आणि बघत बसला. एक डाव चुकला तर सातारा. जेवण थंड झालं.

"काय बगतोयास?" धोंडाबाईंनी विचारलं.

"आये, ह्यातलं कंचं?"

धोंडाबाईंनी दोन्ही उचलून पाहिली, हाताने ताणली, परत ठेवली. "म्या काय सांगू? तुजा बाप आसता तर म्हणला आसता, द्येवाला इचार. धाकटी गाय घ्यायची का थोरली, तवा बी कौल लावला हुता. भैरवनाथानं थोरली सांगितली. बारा वर्सं दूध दिलं तिनं."

गाईचं ठरवणारा देव पॅकिंगचं ठरवू शकणार नाही असं मानायला काहीच आधार नव्हता.

शुक्रवारी सकाळी मायलेक भैरवनाथाच्या देवळात गेले. चिमाजी गुरवाने देवाला नुकतं स्नान घातलं होतं. कौलाची रीत साधी आहे. देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. जी आधी पडेल ते उत्तर. चिमाजीने आजवर लग्नं, विहिरी, बांधाची भांडणं आणि निवडणुकीचे अर्ज असं सगळं देवापुढे ठेवलं होतं. इंजिनाचं प्रकरण पहिल्यांदाच आलं होतं.

"वस्तू द्येवाच्या नजरंला पडाया पायजे," चिमाजी म्हणाला. "न्हाईतर त्येला कसं कळंल?"

सोमेश्वरने पिशवीत होतं ते सगळं काढून देवापुढे मांडलं. चिमाजीने कॉर्क उजवीकडे सरकवलं, रबर डावीकडे, पाकळ्या चिकटवल्या, डोळे मिटले आणि गाऱ्हाणं घातलं, "हे बाबा भैरवनाथा, लेकरू अडचणीत हाय. भाटघरची सोयरीक अडून बसलीया. चेंबरच्या पॅकिंगचा सवाल हाय. कॉर्क आसंल तर उजवी दे, रबर आसंल तर डावी दे. हयगय करू नगंस."

देवळात शांत होतं. बाहेर शेळ्या ओरडत होत्या. पाकळ्या जागच्या हलेनात.

बराच वेळ गेला. चिमाजीने एक डोळा उघडून पाहिलं. "द्येव इचारात हाय."

आणखी वेळ गेला. सोमेश्वर खांबाला टेकला. देवाच्या कपाळावरचा शेंदूर, समईची हलती ज्योत, उदबत्तीचा निळा धूर. धुरात त्याला भाटघरचं पाणी दिसू लागलं. पाण्याच्या काठाने जीप चालली होती, इंजिनाचा आवाज येत नव्हता, चाकं जमिनीला टेकत नव्हती, आणि साधना म्हणत होती, काय हो, आपण केव्हाचे चाललोय, आणि एक थेंब नाही.

"लई उकडतंय बया," म्हणून धोंडाबाई उठल्या आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

पंखा गरगरला. दोन्ही पाकळ्या एकदम खाली आल्या.

चिमाजी गुरव बघतच राहिला. उजवी आली असती तर उजवी, डावी आली असती तर डावी. दोन्ही एकदम आल्याचं त्याच्या आज्यानेही सांगितलं नव्हतं. पण गुरवाने निरुत्तर होऊन चालत नाही. "दोन्ही दिल्या," तो सावकाश म्हणाला.

"म्हंजी दोन्ही घालायची?" सोमेश्वर म्हणाला.

"द्येवानं दिल्यावर आपन न्हाई म्हणनारं कोन?"

सोमेश्वरच्या डोळ्यांसमोर लख्ख प्रकाश पडला. कॉर्क खड्डा भरेल, रबर वाळणार नाही. दुकानदारही बरोबर, गेनबाही बरोबर. भांडण देवाने एका झटक्यात मिटवलं होतं. त्याने देवाला लोटांगण घातलं, दोन्ही पॅकिंगं कवटाळली आणि जवळजवळ पळतच घर गाठलं.

आता एकावर एक दोन पॅकिंगं म्हटल्यावर जाडी वाढली, आणि जुने बोल्ट इंजिनापर्यंत पोचेनात. सोमेश्वर शनिवारी पुन्हा सारोळ्याला गेला.

"लांब बोल्ट? कशापायी?" गेनबाने विचारलं.

"दोन्ही पॅकिंग घालतोय."

"येडा का खुळा? दोन पॅकिंग कुनी घालतं व्हय?"

"भैरवनाथानं सांगितलंय. कौल लावला हुता."

गिऱ्हाइकाशी वाद घालता येतो, दुसऱ्या मिस्त्रीशी तर घालायलाच पाहिजे, पण भैरवनाथाशी वाद घालून हायवेवर गॅरेज चालवणं बरं नव्हे. गेनबाने लांब बोल्ट मोजून दिले आणि देवाच्या नावाने हात जोडले.

शनिवारी दुपारी सोमेश्वर जीपखाली शिरला. जुनं काळं तेल घमेल्यात सोडलं. ते शेजाऱ्यांनी दाराला वाळवी लागू नये म्हणून लावायला नेलं. चेंबर काढलं, घासलं, धुतलं. कॉर्क ठेवलं, त्यावर रबर ठेवलं, बोल्ट एकाआड एक आवळत गेला, धोंडाबाई पाने हातात देत होत्या. काम इतकं चोख झालं की सोमेश्वरचा स्वतःवरच विश्वास बसेना. बाहेर येऊन तो किती तरी वेळ ओट्यावर बसला आणि आता उद्या काय काय होईल हे त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं. वडिलांचं एक पांढरं धोतर त्याने जीपखाली अंथरून ठेवलं.

रविवारी सकाळी धोतर ओढून काढलं तेव्हा पारावरची सगळी मंडळी जमली होती. धोतर पांढरंशुभ्र. एक ठिपका नाही. म्हाताऱ्यांनी ते उन्हात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं. कुणीतरी वास घेतला.

"कौल कशाला म्हणत्यात, आता कळलं," एकजण म्हणाला. दोघातिघांनी आपापल्या गाड्यांचे प्रश्न चिमाजीकडे न्यायचं तिथल्या तिथे ठरवलं. एकाच्या होंडाच्या टाकीत पाणी जात होतं, एकाच्या ट्रॅक्टरचा गिअर अडकत होता. देवाला बरंच काम लागणार होतं.

सोमेश्वरने नवा सदरा घातला. धोंडाबाई नऊवारी सावरून पुढे बसल्या. जीप सुरू झाली आणि निघाली.

काय सकाळ होती! उसाला तुरे आलेले, ओढ्याकाठी बगळे, डोंगराच्या अंगावर पातळ धुकं. नसरापूर फाटा मागे पडला. कापूरहोळला जीप भोरच्या रस्त्याला वळली आणि इंजिनातून टक टक टक असा आवाज यायला लागला.

"सोम्या, काय वाजतंय?" धोंडाबाई म्हणाल्या.

सोमेश्वरने कान दिला. "ताशा वाजतोय जनू," तो म्हणाला. खरंच त्याला तो ताशाच वाटत होता. पुढे हलगी मिसळली, मग कुणी तरी पत्र्यावर घण घालावा तसा ढोल. वरात निघाली होती. पुढच्या काचेत त्याला आपल्याच डोक्यावरच्या मुंडावळ्या हलताना दिसत होत्या. स्टिअरिंगपुढे लाल दिवा लागला होता, पण तो तेलाचा दिवा कायमच लागलेला असायचा, त्यामुळे सोमेश्वरने त्याला मंगल कार्यातली समई मानलं. गरमीचा काटा वर चढत होता. चढता काटा बघून माणसाला बरंच वाटतं.

"करपल्याचा वास येतोय रं."

"कुनाची तरी भाकरी करपली आसंल, आये. रविवार हाय. बाया बोलत बसत्यात."

धोंडाबाईंनी पदर नाकाला लावला. जीपने वाजतगाजत भाटघर गाठलं. सावळारामांच्या दारात वळली, फरशीवर चढली आणि सोमेश्वरने किल्लीला हात लावायच्या आतच कर्र करून जागच्या जागी थांबली. इतकी नेमकी, इतकी मधोमध, की ओसरीवर उभे असलेले सावळारामसुद्धा म्हणाले, "बरी थांबली की."

पाहुणे आत गेले. चहा आला. सावळाराम मात्र बसले नाहीत. ओसरीच्या कडेला उभे राहून ते जीपखालच्या फरशीकडे बघत होते. पोहे आले. फरशी कोरडी. लाडू आले. फरशी कोरडी. शेवटी ते काठी घेऊन खाली उतरले, वाकले, काठीचं टोक जीपखाली फिरवून वर आणलं आणि बोटाने पुसून पाहिलं. आत दाराच्या चौकटीत साधना उभी होती. ती सोमेश्वरकडे बघत होती आणि पहिल्यांदाच हसत होती.

"मानलं पावनं," सावळाराम म्हणाले. "ठिपका न्हाई. कसं काय क्येलं?"

सोमेश्वरचं ऊर भरून आलं. त्याने कॉर्क सांगितलं, रबर सांगितलं, कौल सांगितला. दोन्ही पाकळ्या एकदम पडल्याचं ऐकून सावळारामांनी कानांना हात लावले. "द्येवाच्या मनात आसलं की..." असं ते बोलायला लागले आणि सोमेश्वरचा मोबाईल वाजला.

सोमेश्वरच्या मोबाईलचा कानाशी धरायचा भाग केव्हाच गेला होता. तो फक्त मोठ्याने बोलायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"सोमेश्वर का? चिमाजी गुरव बोलतोय. आरं त्वा शुक्कुरवारी द्येवाला त्याल वाहिलंस न्हवं, त्यो डबा..." मध्ये खोकला आला. "आज समईत घातलं. लई धुरकटतंय बाबा. गाभाऱ्यात द्येव दिसंना. ह्ये कंचं त्याल म्हणायचं? करडई का शेंगदाना?"

मोबाईलमधून चिमाजीचा खोकला ऐकू येत राहिला.

"म्या त्याल ओतलंय," सोमेश्वर म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाला. "शनिवारी ओतलंय. मला चांगलं आठवतंय. सोन्यासारखी धार हुती. नरसाळं साधनानं धरलं हुतं."

"कुनी?" सावळारामांनी विचारलं.

"साधना..." सोमेश्वर म्हणाला आणि थांबला. साधना त्याच्या अंगणात कधीच आलेली नव्हती. मग धार कुठून आली, डबा कुठून आला, हे त्याला हळूहळू, एकेक करून दिसू लागलं, आणि तो खाली फरशीकडे बघायला लागला.

सावळाराम जीपपाशी गेले. झाकण उघडून त्यांनी तेल बघायची पट्टी ओढून काढली आणि अंगठ्याने पुसली. अंगठा कोरडा. इंजिनाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. फॅनचं पातं फिरवून पाहिलं. फिरलं नाही. आतलं सगळं एकमेकांना घट्ट धरून बसलं होतं.

"गळनार कसं?" ते पट्टीकडे बघत म्हणाले. "आत आसंल तर गळंल ना. ह्या बाबानं विहीरच कोरडी ठिवली, म्हणं पोहरा गळत न्हाई."

धोंडाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सोमेश्वरला वाटलं, आता धरणात जाऊन बसावं आणि बाहेरच येऊ नये. इतकं वाईट त्याला वडील गेल्यानंतर कधी वाटलं नव्हतं. साताऱ्याचे पाहुणे फेटे बांधून डोळ्यांसमोर उभे राहिले. तेवढ्यात दाराशी खुसखुस ऐकू आली. साधना तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली होती आणि तिचे खांदे हलत होते. सावळारामांनी लेकीकडे पाहिलं, लालबुंद झालेल्या होणाऱ्या किंवा न होणाऱ्या जावयाकडे पाहिलं, देवळातला धूर बहुधा त्यांच्याही डोळ्यांपुढे आला, आणि तो उंचपुरा माणूस पट्टी हातात धरून ओसरीच्या पायरीवर बसला आणि पोट धरून हसत सुटला.

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. "माजं म्हणनं म्या आता मागं घेतो. आता पोरगी काय म्हणंल त्ये खरं."

साधना आत गेली.

जीप जागची हलणार नव्हती, ती फरशीवरच राहिली. इंजिन उतरवायला गेनबा येईल तेव्हा येईल. मायलेक एस.टी.च्या थांब्यावर चालत गेले. थांबा धरणाच्या बाजूला, वडाखाली. ऊन उतरलं होतं आणि पाण्यावर तांबूस चकाकी पसरली होती. सोमेश्वर पाण्याकडे बघत उभा राहिला.

मागून साधना आली. हातात धोंडाबाईंची पिशवी होती. पिशवी विसरली नव्हती, साधनानेच ती आतल्या खोलीत नेऊन ठेवली होती, पण ते असो.

"मावशी," ती म्हणाली, "घरी सांगून आलीया. माजं व्हय हाय." मग सोमेश्वरकडे वळली आणि जरा मोठ्याने म्हणाली, "पर एक हाय. लगीन झाल्यावर गाडी म्या चालिवनार. म्या कंपनीतल्या टेम्पोवर शिकलीया. तुमी शिजारी बसायचं आन् काय बगायचं त्ये बगायचं. चालंल का?"

सोमेश्वर त्या वेळी पाण्याच्या काठाने चालला होता, शेजारी साधना होती, ती मान खाली घालून व्हय म्हणत होती, आणि सनई वाजत होती. ते अर्धवट टाकून वळणं त्याला जड गेलं.

"काय म्हणलात?" त्याने विचारलं.

साधनाने धोंडाबाईंकडे पाहिलं. धोंडाबाईंनी साधनाकडे पाहिलं. तेवढ्यात स्वारगेटची एस.टी. आली आणि धोंडाबाई आधी चढल्या. साधनाने त्याला दंडाला धरून दारात चढवलं आणि कंडक्टरला सांगितलं, "ह्यास्नी वरव्याच्या फाट्याला उतरवा. नुसती घंटी मारू नका, हाक मारा. न्हाईतर स्वारगेटला जातील."

"तुमचे कोन ह्ये?" कंडक्टरने विचारलं.

"हायेत आमचेच," साधना म्हणाली.

हे मात्र सोमेश्वरला अगदी स्पष्ट ऐकू आलं. पण आज दिवसभरात एवढं सगळं आपल्याच मनातलं निघालं होतं की त्याने आता फसायचं नाही असं ठरवलं. एस.टी. सुटली. कापूरहोळ येईपर्यंत तो खिडकीतून बाहेर बघत राहिला. मग आईकडे वळून हळूच म्हणाला, "आये, तुला काय वाटतं? व्हय म्हणंल का गं ती?"